वाफसा निघून गेल्यावर पेरणी नको

पेरणीला वाफसा लागतो, हे कृषी विद्यापीठात कोणाला सांगावे लागत नाही. ओल जास्त असेल तर तिफण चालत नाही, ओल उडून गेली तर बी उगवत नाही. मधले मोजके दिवस ज्याला साधतात, त्याचे पीक उभे राहते. हे ज्ञान वर्गात आणि प्रक्षेत्रावर शिकवणाऱ्या संस्थांना आपल्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम आखताना मात्र त्याचा विसर पडलेला दिसतो. रोजगारसंधींवरचे व्याख्यान चौथ्या सत्रात होते, तेव्हा विद्यार्थी प्रबंधाच्या सारण्या जुळवण्यात गुंतलेला असतो. अधिछात्रवृत्तीची सूचना फलकावर लागते, तेव्हा अर्जाची मुदत संपत आलेली असते. आणि आपुलकीचे चार शब्द त्याच्या कानी पडतात ते निरोप समारंभात. व्याख्यान चांगले असते, वक्ता जाणकार असतो, सभागृहही भरलेले असते. वेळ तेवढी चुकलेली असते.

हा केवळ नियोजनातील किरकोळ दोष मानून सोडून देण्यासारखा विषय नाही. देशात आज ७० हून अधिक कृषी विद्यापीठे आहेत. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांचे जाळे आहे. १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले, त्यानंतर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील विद्यापीठांनी महाराष्ट्रातील चार विभागांच्या शेतीला संशोधनाचा आधार दिला. या सर्व ठिकाणी प्रयोगाच्या वाफ्यात प्रत्यक्ष उभा राहणारा, रोपांची उंची मोजणारा, मातीचे नमुने पिशव्यांत भरणारा माणूस बहुधा पदव्युत्तर विद्यार्थीच असतो. परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात पदव्युत्तर पदवीच्या ७० श्रेयांकांपैकी ३० श्रेयांक संशोधनाचे आहेत. आचार्य पदवीत तर १०० पैकी ७५ श्रेयांक संशोधनासाठी आहेत. म्हणजे विद्यार्थ्याचे शिक्षण आणि देशाचे कृषी संशोधन या दोन वेगळ्या गोष्टी उरलेल्या नाहीत. विद्यार्थ्याचा हंगाम चुकला की संशोधनाचाही चुकतो.

मार्गदर्शन विषय निवडीच्या आधी हवे

पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी होणाऱ्या कार्यक्रमांमध्ये सर्वाधिक गर्दी रोजगार मार्गदर्शनाला होते. त्याचे स्वरूप बहुतेक ठिकाणी ठरलेले आहे. स्पर्धा परीक्षेत यशस्वी झालेला एखादा माजी विद्यार्थी येतो, आपल्या अभ्यासाचे तास सांगतो, चिकाटीचे महत्त्व सांगतो, टाळ्या होतात. यातून प्रेरणा मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात दोनच वाटा पक्क्या होतात: शासकीय अधिकारी किंवा प्राध्यापक. या दोन वाटांवरील जागा आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले उमेदवार यांचे प्रमाण पाहता उरलेल्यांचे काय, हा प्रश्न सभागृहातच राहून जातो.

वास्तविक वाटा पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीची तयारी निराळी आहे. कृषी वैज्ञानिक निवड मंडळाच्या परीक्षांतून कृषी संशोधन सेवेत जाता येते. ही सेवा १९७५ पासून अस्तित्वात आहे. देशभरात ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि त्यांच्या रचनेत प्रत्येक केंद्रासाठी सहा विषय विशेषज्ञांची तरतूद आहे. नाबार्ड आणि बँकांना कृषी अधिकारी लागतात. बियाणे, खते आणि पीक संरक्षण क्षेत्रातील कंपन्या पैदासकार, रोगशास्त्रज्ञ आणि कृषिविद्यावेत्ते शोधत असतात. २०१६ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आल्यापासून पीक कापणी प्रयोग आणि उपग्रह प्रतिमांवरून उत्पादनाचा अंदाज या दोन्हींची जाण असलेल्या माणसांना काम आहे. २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक कंपन्या उभारण्याची योजना जाहीर झाली. या कंपन्यांना हिशेब, साठवण आणि बाजार समजणारा कृषी पदवीधर हवा असतो. स्वतःचे काही उभारू पाहणाऱ्यासाठी २००२ पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. तिच्यात ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण मिळते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतील उद्योग उबवण केंद्रांतून नवउद्योगाला कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि पुढील टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची सोय करण्यात आली.

ही यादी कोणत्याही माहितीपत्रकात मिळू शकते. माहितीपत्रकात न मिळणारी गोष्ट अशी की, यातील बहुतेक वाटा प्रबंधाच्या विषयापाशी फुटतात. पीक विम्याच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या कृषिविद्येच्या विद्यार्थ्याने खतमात्रेचाच प्रयोग घ्यावा असे नाही; तो उत्पादन अंदाजाच्या पद्धतींवर काम करू शकतो. बियाणे उद्योगात जाऊ पाहणाऱ्या रोगशास्त्राच्या विद्यार्थिनीला रोगप्रतिकारक वाणांच्या चाचणीचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. शेतकरी कंपनीत काम करू पाहणाऱ्या कृषी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एखाद्या कंपनीचे ताळेबंद अभ्यासले तर मुलाखतीत त्याला निराळे काही सांगावे लागणार नाही. हा विषय पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षातच ठरतो. म्हणून रोजगार मार्गदर्शन पहिल्या सत्रात व्हायला हवे. चौथ्या सत्रातील व्याख्यान म्हणजे मळणी झाल्यावर वाण निवडण्याचा सल्ला.

वक्त्यांची निवडही बदलायला हवी. निवड यादीत पहिला आलेला माणूस अवश्य बोलवावा. पण त्याच्याच शेजारी तीन वेळा परीक्षा देऊन अखेर दुसऱ्या क्षेत्रात समाधानाने काम करणारा एखादा माजी विद्यार्थीही बसवावा. रोपवाटिका चालवणारी, कर्ज कसे मिळाले आणि पहिल्या वर्षी कुठे फसलो हे मोकळेपणाने सांगणारी माजी विद्यार्थिनी बसवावी. यशाची एकच कथा ऐकून विद्यार्थी भारावतो, अनेक वाटांच्या अनेक कथा ऐकल्या तर तो विचार करू लागतो.

निधी आणि नक्षत्र

दुसरा विषय पैशाचा. तो कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच येतो, आणि आला तरी योजनांच्या नावांपुरता. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत मात्र तो रोज असतो.

एकाच विषयात, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या रकमांत केवढे अंतर आहे, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये केली. निवडक संस्थांत मिळणारी पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० रुपयांपासून सुरू होते. दुसरीकडे, केंद्रीय विद्यापीठांत राष्ट्रीय पात्रता परीक्षेविना आचार्य पदवी करणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची रक्कम दरमहा ८,००० रुपये अशी चालत आली. ती बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध २०१५ मध्ये दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. पदव्युत्तर पदवीच्या स्तरावर परिषदेच्या प्रवेश परीक्षेत वरचे स्थान मिळवणाऱ्यांना शिष्यवृत्ती आहे. आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यातील कृषी विद्यापीठात परिषदेमार्फत प्रवेश घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा आहे, ‘इन्स्पायर’ आहे, अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्त्या आहेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या योजना आहेत. प्रत्येकीची पात्रता वेगळी, कागदपत्रे वेगळी आणि मुदतही वेगळी. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक गोष्ट अपुरी राहिली तरी गुणवत्ता बाजूला राहते आणि अर्ज परत येतो.

परंतु रक्कम किती, यापेक्षा कृषी विद्यार्थ्यासाठी ती केव्हा मिळते, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा निधी जूनऐवजी डिसेंबरात आला, तर त्याचा प्रयोग सहा महिने पुढे जातो. सोयाबीनवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा निधी तसाच उशिरा आला, तर त्याचा प्रयोग एक वर्ष पुढे जातो, कारण मृग आणि आर्द्रा नक्षत्रे कोणत्याही लेखा विभागाची वाट पाहत नाहीत. बियाणे घ्यायचे असते, वाफे आखायला मजूर लागतात, दोनदा निंदणी असते, नमुन्यांच्या विश्लेषणासाठी रसायने लागतात. पदव्युत्तर पदवीचा काळ दोन वर्षांचा आणि शिष्यवृत्तीही तेवढ्याच काळाची. त्यातला एक खरीप हातचा गेला तर पुढचा येईपर्यंत शिष्यवृत्ती संपलेली असते.

अशा वेळी काय होते, हे मार्गदर्शक प्राध्यापकांना चांगले ठाऊक असते. कधी ते स्वतःच्या खिशातून मजुरी देतात. कधी विद्यार्थी घरून पैसे मागवतो आणि ज्या घरी तो पैसे मागतो त्या घरीही त्याच आठवड्यात पेरणी असते. शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याचा पैसा शेतकऱ्यासाठीच चाललेल्या संशोधनाला उसना द्यावा लागतो, यात एक कडवट विसंगती आहे. आणि जिथे घरूनही पैसे येऊ शकत नाहीत तिथे प्रयोगाचे वाफे कमी होतात, पुनरावृत्त्या कमी होतात, विश्लेषणाचे घटक वगळले जातात. प्रबंध पूर्ण होतो, पदवी मिळते, पण त्या आकडेवारीवर शेतकऱ्याला शिफारस करण्याइतके बळ तिच्यात राहत नाही.

यावर उपाय अवघड नाही. कृषी विद्यापीठांना बीजोत्पादनासाठी फिरत्या निधीची पद्धत नवी नाही. हंगामाआधी त्यातून खर्च होतो, बियाणे विकले की रक्कम परत जमा होते. हीच रीत मंजूर झालेल्या पण हाती न आलेल्या शिष्यवृत्तीसाठी वापरता येईल. मे महिन्यात विद्यार्थ्याच्या प्रयोगाचा किमान खर्च विद्यापीठाने अग्रिम द्यावा आणि शिष्यवृत्ती किंवा आकस्मिक अनुदान आले की तो वळता करून घ्यावा. लेखापरीक्षणाचा आक्षेप येईल, अशी शंका घेतली जाईल. नियमावलीत स्पष्ट तरतूद केली तर ती शंका राहणार नाही. रक्कम मंजूर आहे, लाभार्थी ठरलेला आहे, वसुलीचा मार्गही ठरलेला आहे. बियाण्याच्या विक्रीपेक्षा यात जोखीम कमीच आहे.

याच्या जोडीला प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच निधीविषयक शिबिर घ्यावे. शिबिर म्हणजे भाषण नव्हे. एका टेबलावर बँकेचा कर्मचारी, दुसऱ्यावर शिष्यवृत्ती विभागाचा लिपिक, तिसऱ्यावर आदल्या वर्षी तोच अर्ज भरलेला विद्यार्थी. नव्या विद्यार्थ्याने कागदपत्रे घेऊन यावे आणि अर्ज भरूनच उठावे. मुदत किती तारखेपर्यंत आहे, हे लिपिकाला माहीत असते. संकेतस्थळावर छायाचित्र कोणत्या आकाराचे लागते, हे मात्र आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाच माहीत असते. दोघेही तिथे असावेत.

परक्या गावातला पहिला पाऊस

तिसरा विषय सोबतीचा. तो सर्वांत हलका समजला जातो आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित राहतो.

अखिल भारतीय प्रवेश पद्धतीमागे एक विचार आहे. एकाच विद्यापीठात शिकून तिथेच शिकवणाऱ्यांचे वर्तुळ तुटावे, एका राज्यातील विद्यार्थ्याने दुसऱ्या राज्यातील शेती पाहावी, असा तो हेतू आहे आणि तो योग्यच आहे. या पद्धतीमुळे मराठवाड्यातील मुले लुधियाना, जोरहाट, कोईमतूर येथे जातात आणि मुंबईतील वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येतात. परंतु विद्यार्थ्याला दूर पाठवणे आणि त्याला तिथे रुजवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम प्रवेश परीक्षा करते. दुसरे कोण करते?

परभणीजवळच्या एखाद्या गावातील मुलगी कोईमतूरला पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली, अशी कल्पना करावी. घरी तिने मृगाचा पाऊस पाहिलेला असतो. इथे मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तिच्या प्रयोगात काम करणाऱ्या मजूर बाया तमिळ बोलतात. दोन ओळींत किती अंतर ठेवायचे, हे ती हातवारे करून सांगते. वर्गात इंग्रजी चालते, भोजनगृहात तमिळ किंवा मल्याळम. घरी फोनवर ती सगळे ठीक आहे असेच सांगते, कारण तिला इतक्या दूर पाठवायला घरात सगळेच राजी नव्हते. पहिल्या दोन महिन्यांत तिला वरच्या वर्गातील एखादी ताई भेटली, मजुरांशी बोलण्यापुरती शंभर तमिळ वाक्ये कोणी लिहून दिली, तर ती रुजते. नाही भेटली, तर तीच मुलगी पहिल्या सत्राच्या निकालानंतर दाखला मागायला येते आणि नोंदवहीत ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिले जाते. एक जागा रिकामी होते. ती वर्षभर कोणालाही मिळत नाही.

यासाठी मोठ्या महोत्सवांची गरज नाही. कृषी विद्यापीठांचे युवक महोत्सव आणि क्रीडा स्पर्धा होतात, महाराष्ट्रात ‘आविष्कार’सारखे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन होते. त्यांचे महत्त्व आहेच. पण तिथे निवडलेले विद्यार्थीच पोहोचतात. ज्याला सोबतीची सर्वाधिक गरज असते तो निवडला जात नाही. त्याच्यासाठी छोटे, वारंवार होणारे आणि कामाशी जोडलेले मेळ हवेत. महिन्यातून एकदा सर्व पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या प्रयोगांवर फेरी मारावी. अकोल्याच्या विद्यापीठात शेतकऱ्यांसाठी शिवारफेरी होते. शेतकरी वाफ्यांमधून चालतात, विचारतात, तुलना करतात. तीच रीत विद्यार्थ्यांसाठी चालवता येईल. कीटकशास्त्राचा विद्यार्थी मृदाशास्त्राच्या प्रयोगात पाने उलटून पाहील आणि एखादी कीड वेळीच दाखवेल. ज्याची उगवण विरळ झाली आहे त्याला कळेल की, शेजारच्या वाफ्यातही तसेच झाले आहे आणि दोष त्याच्या एकट्याचा नाही. अशा फेरीत ओळखी आपोआप होतात, कारण प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी असते. फेरीच्या शेवटी चहा असावा. भाषण नसावे.

काही विद्यार्थ्यांची अडचण मात्र फेरी आणि चहा यांच्या आवाक्यापलीकडची असते. झोप न लागणे, प्रयोगशाळेत जाणे टाळणे, मार्गदर्शकाचा फोन न उचलणे ही लक्षणे आळसाची समजून सोडून दिली जातात. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. तो क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर असावाच, परंतु तेवढ्यावर भागणार नाही. तो क्रमांक लावण्याचे धैर्य देणारा माणूस शेजारच्या खोलीत असायला हवा, आणि तो तयार होतो ओळखीतूनच.

आक्षेप आणि उत्तर

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सर्व माहिती भ्रमणध्वनीवर उपलब्ध असताना कार्यक्रम कशाला? माहिती उपलब्ध आहे हे खरे. हवामानाचा अंदाजही भ्रमणध्वनीवर उपलब्ध असतो, तरीही पेरणी करावी की नाही हे शेतकरी शेजाऱ्याला विचारतो. माहितीचा निर्णय होण्यासाठी मध्ये माणूस लागतो. ज्याच्या घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी आहे, त्याला हा माणूस घरी मिळत नाही. तो संस्थेनेच द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, कार्यक्रम ठेवले तरी विद्यार्थी येत नाहीत. ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. पण उपस्थितीच्या सक्तीने भरलेले सभागृह, दीड तास चालणारे सत्कार आणि शेवटी प्रश्नांसाठी उरलेली पाच मिनिटे, असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्यांदा कोणी येत नाही. जिथून भरलेला अर्ज घेऊन बाहेर पडता येते, तिथे रांग लागते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राध्यापकांवर अध्यापन, संशोधन आणि विस्तार अशी तिहेरी जबाबदारी असते. अनेक पदे रिक्त असताना हे चौथे काम त्यांच्यावर कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायचे तर कामाची वाटणी करावी लागेल. निधी शिबिराचा भार शिष्यवृत्ती विभाग आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी यांनी उचलावा. रोजगार मार्गदर्शन माजी विद्यार्थी संघाकडे द्यावे. बहुतेक ठिकाणी हा संघ वर्षातून एकदा स्नेहभोजनासाठी एकत्र येतो, त्याला यानिमित्ताने एक ठोस काम मिळेल. प्रयोगफेरी विद्यार्थ्यांनीच चालवावी. प्राध्यापकांकडून अपेक्षा एकच: वेळापत्रकात त्या दिवसासाठी जागा सोडावी आणि शक्य तेव्हा फेरीत सोबत चालावे.

दिनदर्शिकेत तीन नोंदी

या सर्वांसाठी नवी योजना, नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत तीन नोंदी लागतात. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात निधी शिबिर. पहिले सत्र संपण्यापूर्वी, म्हणजे संशोधनाचा विषय ठरण्याआधी, अनेक वाटांच्या माजी विद्यार्थ्यांबरोबर संधींची बैठक. आणि दर महिन्याला एक प्रयोगफेरी. चौथी नोंद लेखा विभागासाठी: मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत खरीप प्रयोगांचे अग्रिम वितरण. रब्बीसाठी तीच तारीख सप्टेंबरात.

महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठे दरवर्षी संयुक्त संशोधन आढावा बैठकीत, म्हणजेच जॉइंट ॲग्रेस्कोत, एकत्र बसतात. वाण, अवजारे आणि शिफारशी तिथे कसोटीला लागतात. कोणता प्रयोग किती हंगामांचा, पुनरावृत्त्या किती, नोंदी पुऱ्या आहेत का, अशी कसून विचारणा होते. त्याच विचारणेत आणखी एक प्रश्न घालता येईल: या प्रयोगावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे कोणत्या तारखेला मिळाले? हा प्रश्न एकदा नियमाने विचारला जाऊ लागला, की उत्तराची तारीख हळूहळू मागे सरकेल आणि जूनच्या अलीकडे येईल. शिफारशीच्या कागदावर विद्यार्थ्याचे नाव बहुधा शेवटी येते. तिच्यातील आकडे मात्र त्यानेच उन्हात उभे राहून मोजलेले असतात.